वाइल्ड अटलांटिक वे बाईकवरून: आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याची तयारी, दिशा आणि टप्पे

आयर्लंडच्या दक्षिण टोकाजवळच्या किन्सेल गावातून निघून पश्चिम किनारा न सोडता उत्तरेच्या इनिशोअन द्वीपकल्पापर्यंत जाणारा सुमारे 2,500 किलोमीटरचा रस्ता म्हणजे वाइल्ड अटलांटिक वे. हा रस्ता नव्याने बांधलेला नाही. गावोगावचे जुनेच रस्ते 2014 साली तिथल्या पर्यटन संस्थेने एका नावाखाली आणले आणि निळ्या पाट्यांवर पांढऱ्या लाटेची खूण लावून दिली. वाटेत नऊ काउंटी, म्हणजे तिथले जिल्हे, लागतात. डब्लिन, कॉर्क, लंडनमध्ये नोकरीला असलेली आपली मंडळी आणि हल्ली थेट पुण्या-मुंबईहून येणारे रायडरही याबद्दल विचारतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: आठवड्यात होईल का?

अख्खा होणार नाही. अर्धा होईल, आणि मनासारखा होईल. या किनाऱ्यावर किलोमीटर मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. नकाशावर 180 किलोमीटर दिसतात म्हणून कुणी दिवसाला दोन टप्पे जोडतो आणि मग संध्याकाळी पावसात, वाऱ्यात, एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावर थकलेल्या मनगटांनी बाईक चालवत राहतो. हे टाळता यावं म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

किती दिवस, कोणता महिना

द्वीपकल्पांमधल्या रस्त्यांवर थांबे धरून सरासरी वेग ताशी 40 ते 45 किलोमीटर पडतो. म्हणून दिवसाला 150 ते 200 किलोमीटर हा माझ्या मते योग्य पल्ला. या हिशेबाने पूर्ण रस्त्याला किमान बारा-चौदा दिवस हवेत, शिवाय एखादा दिवस पावसासाठी राखून ठेवायचा. सातच दिवस असतील तर दोन पर्याय: किन्सेल ते मधलं गॉलवे शहर, किंवा गॉलवे ते इनिशोअनचं उत्तर टोक मॅलिन हेड. दक्षिणेचा अर्धा भाग जास्त प्रसिद्ध आहे, तिथे सोयी जास्त आणि गर्दीही जास्त. उत्तरेचा भाग जास्त मोकळा आणि जास्त रांगडा. बाईक चालवण्याचा आनंद हवा असेल तर मी उत्तर निवडेन.

महिने मे ते सप्टेंबर. त्यातही मेचा उत्तरार्ध आणि जून सर्वोत्तम. जूनमध्ये उत्तरेच्या डोनेगलला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला तरी अंधारात अनोळखी वळणं घ्यावी लागत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी असते, खोल्या महागतात. ऑगस्टचा पहिला सोमवार सार्वजनिक सुट्टीचा, तेव्हा त्या शनिवार-रविवारी आरक्षणाशिवाय फिरकू नका. 10 ते 12 ऑगस्टला किलॉर्गलिनला पक फेअर नावाची जुनी जत्रा भरते. जत्रा पाहायची असेल तर उत्तम, नसेल तर त्या दिवसांत ते गाव टाळा.

पावसाबद्दल नीट समजून घ्या. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मग आठ महिने आकाश कोरडं. आयर्लंडच्या पश्चिमेला वर्षभराचा पाऊस साधारण 1,000 ते 1,400 मिलिमीटर, पण तो वर्षातल्या सव्वादोनशेच्या आसपास दिवसांवर पसरलेला. म्हणजे मुसळधार क्वचित, भुरभुर रोजची. एका तासात ऊन, पाऊस, धुकं आणि पुन्हा ऊन असं होतं. त्यामुळे पाऊस थांबायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. कपडे नीट घाला आणि निघा. वाट बघायची ती वारा पडायची, त्याबद्दल पुढे येतंच.

कागदपत्रं: इथे घाई नको

भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे फ्रान्स-जर्मनीसाठी काढलेला शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. याहून जास्त लोक फसतात ते उत्तर आयर्लंडच्या बाबतीत. डेरी शहर आणि त्यापलीकडचा भाग ब्रिटनमध्ये मोडतो. सीमेवर ना नाका, ना शिपाई, फक्त रस्त्यावरच्या रेघांचे रंग आणि पाट्यांवरची एककं बदलतात. पण नाका नाही म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. ब्रिटनचा प्रवेश तुमच्या व्हिसात बसत नसेल तर सीमा ओलांडू नका. सुदैवाने हा अख्खा किनारी रस्ता आयर्लंड प्रजासत्ताकातूनच जातो. अडचण फक्त परतीच्या वाटेवर येते.

परवाना. पर्यटक म्हणून आलात तर भारतातला वैध परवाना चालतो, पण सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असलाच पाहिजे असं धरून चाला. तो आपल्या आरटीओतून मिळतो, मुदत एक वर्ष. त्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना, हे आरटीओच्या खिडकीवरच उघडून बघा. नुसत्या चारचाकीच्या शिक्क्यावर भाड्याने बाईक मिळत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते.

आयर्लंडमध्ये राहायला आलेल्यांचं गणित वेगळं. भारतीय परवाना देऊन आयरिश परवाना बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, लर्नर परमिट, मग 16 तासांचं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा, असा सगळा क्रम पार करावा लागतो. गावाकडे दहा वर्षं बुलेट चालवली असेल तरी हे प्रशिक्षण मनापासून घ्या. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आणि खांद्यावरून मागे वळून बघायची सवय तिथे पक्की होते.

विम्याचे दोन भाग बघा. एक बाईकचा: नुकसान झाल्यास पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, हे कागदावर शोधा. दुसरा तुमचा स्वतःचा. भारतातून काढलेल्या बऱ्याच प्रवास-विम्यांमध्ये मोटारसायकल वगळलेली असते किंवा ठरावीक सीसीपर्यंतच मान्य असते. ते कलम वाचल्याशिवाय विमानात बसू नका.

बाईक

भाड्याच्या बाईक प्रामुख्याने डब्लिन परिसरात मिळतात. वयाची अट आणि काही वर्षांचा अनुभव मागतात, आणि अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं.

बहुतेकांचा ओढा सर्वांत मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाईककडे असतो. या किनाऱ्यासाठी मी 500 ते 800 सीसीची, दोनशे किलोच्या आसपासची बाईक सुचवेन. इथे दिवसभरात तुम्ही वीस वेळा थांबता, उतारावर वळवता, खडीवर लावता, समोरून ट्रॅक्टर आला की दहा मीटर मागे ढकलता. त्या प्रत्येक वेळी वजन जाणवतं. दोन्ही पाय जमिनीवर भक्कम टेकतात की नाही हे ताबा घेतानाच सामान लादून बघा. तापणाऱ्या मुठी असतील तर त्या नक्की घ्या, जूनमध्येसुद्धा. तापमान 12 ते 18 अंश असतं, पण ओल्या हातमोज्यांतून वारा शिरला की बोटं बधिर होतात आणि क्लच-ब्रेकवरचा अंदाज जातो.

ब्रिटनमधून स्वतःची बाईक आणायची तर होलीहेड ते डब्लिन किंवा फिशगार्ड आणि पेम्ब्रोकहून रॉसलेअर अशा बोटी आहेत. किन्सेलला पोचायला रॉसलेअर सोयीचं. बोटीवर बाईक पट्ट्यांनी बांधतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि सीटवर पट्टा घासणार नाही यासाठी एखादं जुनं फडकं मध्ये घाला.

सामानात सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाणी खरोखर अडवणारा वरचा थर, तोही बाईक थांबवून दोन मिनिटांत अंगावर चढेल असा. आपल्याकडचा बाजारू रेनकोट ताशी 80 च्या वाऱ्यात फडफडून फाटतो. हातमोज्यांचे दोन जोड, गळ्याला बफ, आतून लोकरीचा पातळ थर, व्हायझरवर बाष्प न धरणारी पिनलॉक फिल्म. साइड स्टँडखाली ठेवायला तळहाताएवढी सपाट चकती बरोबर असू द्या. किनाऱ्यालगतची बरीचशी जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ, ओल्या मातीची असते, दिसायला घट्ट हिरवळ, पण तासाभरात स्टँड आत रुततो आणि बाईक आडवी होते. पंक्चर किट, हवा भरायचा छोटा पंप आणि चेनचं वंगण हे तर आलंच.

दिशा: दक्षिणेकडून उत्तरेकडे

यावर रायडरांमध्ये वाद होतात, पण मला तरी यात शंका वाटत नाही. आयर्लंडमध्ये आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. उत्तरेकडे जाताना पश्चिमेचा समुद्र तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे तुमच्याच बाजूला राहतो. थांबायच्या जागा डावीकडे येतात, समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. दुसरं म्हणजे वारा. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, तो पाठीवर घेणं केव्हाही बरं. तिसरं, दुपारचं ऊन मागे राहतं, डोळ्यांवर येत नाही.

केरी काउंटीतल्या द्वीपकल्पाला वळसा घालणाऱ्या प्रसिद्ध रस्त्यावर, म्हणजे केरीच्या रिंगवर, याचा आणखी एक परिणाम होतो. पर्यटकांच्या मोठ्या बस ती फेरी घड्याळाच्या उलट्या दिशेने करतात. आपण केनमेअरहून घड्याळाच्या दिशेने निघालो की बसच्या मागे अडकत नाही, पण त्या समोरून येतात. अरुंद वळणावर समोरून आलेल्या बसचा मागचा भाग आपल्या बाजूला सरकतो. त्यामुळे हा टप्पा सकाळी आठच्या आत सुरू करा, बस भेटायला लागेपर्यंत निम्मी वाट मागे पडलेली असते.

रस्ता कसा वाचायचा

रस्त्यांना अक्षरं आहेत. एम म्हणजे मोटरवे, कमाल वेग 120. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, साधारण 100. आर म्हणजे प्रादेशिक, 80. एल म्हणजे स्थानिक, आणि त्यांची ग्रामीण मर्यादा फेब्रुवारी 2025 पासून 80 वरून 60 झाली आहे. गावात 50. तुमचा बहुतेक वेळ आर आणि एल रस्त्यांवर जाणार. मर्यादा गाठायचीच असते असं मात्र मुळीच नाही. कित्येक एल रस्त्यांवर 40 सुद्धा जास्त वाटतो.

एल रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी गडगे किंवा फुशियाची उंच झुडपं, मध्ये एका गाडीपुरतं डांबर, आणि डांबराच्या मधोमध गवताची पट्टी. ओल्या दिवशी या पट्टीवरून चाक गेलं तर शेवाळावरून गेल्यासारखं सरकतं. बाईक डाव्या चाकोरीत ठेवा, वळणापूर्वी वेग कमी करा, आणि दिसतंय तेवढ्या अंतराच्या निम्म्यात थांबता येईल असंच चालवा, कारण समोरचाही तुमच्याच पट्ट्यात असणार आहे. समोरून गाडी आली की जो थांब्याच्या जागेजवळ असेल तो थांबतो, आणि जाताना दुसरा हँडलवरचं एक बोट उचलून आभार मानतो. तुम्हीही उचला. इथे तोच रिवाज आहे.

काही ठिकाणी रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी असते, गुरं-मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून. पावसात ती निसरडी होते. तिच्यावर ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही, वेगात फेरबदल नाही. बाईक सरळ उभी ठेवून सरळ पार करा. जाळी दिसली की पुढे मोकाट मेंढ्या आहेत हेही समजा. रस्त्याच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं तर ते कोकरू हमखास धावत येणार, म्हणून आधीच थांबा.

कॉनेमारा आणि मेयोमध्ये रस्ता पीटच्या दलदलीवरून जातो. खालची जमीन असमान खचते, त्यामुळे डांबराला लाटा येतात. सरळ दिसणाऱ्या रस्त्यावर 80 ने गेलात तर बाईक उसळते, मागे बसलेल्याच्या कमरेचं काही खरं नाही. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी पसरून नवा थर देण्याची कामं चालतात. सुट्या खडीची पाटी दिसली की आधीच्या गाड्यांनी दाबलेल्या चाकोरीत राहा आणि पुढचा ब्रेक अगदी हळुवार वापरा.

आता वारा. जोराच्या आडव्या वाऱ्यात रायडर हँडल गच्च धरतो, आणि तिथेच बिघडतं. हातांतला प्रत्येक धक्का चाकापर्यंत जातो. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा, वेग उतरवा, पाठीवरची मोठी बॅग काढून सीटवर बांधा. गडग्याच्या आडोशातून जाताना वारा जाणवत नाही, पण फाटकाची मोकळी जागा आली की एकदम धक्का बसतो. अशी मोकळी जागा पुढे दिसली की तयार राहायचं. बाईक लावताना वारा उजवीकडून येईल अशी लावा, म्हणजे तो बाईकला स्टँडवर दाबेल, स्टँडवरून उचलणार नाही. गिअरमध्ये ठेवा. आयरिश हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. वाऱ्याचा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी बाईक बाहेर काढू नका. चहा घ्या, कपडे वाळवा, पुस्तक वाचा.

चौकांऐवजी गोलाकार बेटं असतात, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हॉर्न वाजवायचा नाही. रस्त्याच्या कडेला तुटक पिवळी रेघ असेल तर ती कडेची पट्टी. हळू जाणारे ट्रॅक्टरवाले तिच्यात सरकून तुम्हाला वाट देतात. दारूची मर्यादा आपल्यापेक्षा फार सैल नाही, 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम, पण बाईकवर असताना तो हिशेब करूच नये. तातडीचा नंबर 112.

पेट्रोल स्वतःच भरायचं असतं. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. टाकी अर्धी झाली की भरा. बेअराच्या पश्चिम भागात, मेयोच्या मुलेट द्वीपकल्पात आणि डोनेगलच्या टोकांना पंप विरळ आहेत आणि बरेच संध्याकाळी लवकर बंद होतात.

टप्पे

किन्सेलहून क्लोनाकिल्टीमार्गे मिझेन हेड हा सोपा, हात बसवायचा दिवस. मिझेनला खोल घळीवरच्या पादचारी पुलावरून जुन्या सिग्नल स्टेशनवर जाता येतं.

दुसऱ्या दिवशी बँट्रीकडे वळण्याआधी शीप्स हेड द्वीपकल्पातल्या अहाकिस्टा गावी थांबा, असं मी आग्रहाने सांगेन. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटाने याच किनाऱ्यापलीकडच्या समुद्रात कोसळलं आणि 329 माणसं गेली. त्यांचं स्मारक इथे समुद्राकडे तोंड करून उभं आहे: एक सूर्यघटिका आणि भिंतीवर कोरलेली नावं. नावं वाचताना आपलीच आडनावं ओळखू येतात. दरवर्षी त्या तारखेला गावकरी आणि नातेवाईक तिथे जमतात. प्रवासात जून असेल तर हे लक्षात ठेवा.

मग बेअरा द्वीपकल्प. केरीच्या रिंगचं नाव मोठं आहे, पण रायडरसाठी बेअरा जास्त चांगलं, कारण मोठ्या बस तिथल्या रस्त्यांवर फारशा मावत नाहीत. अ‍ॅड्रिगोलहून लॉराकडे चढणारा हीली पास हा 1847 च्या बटाट्याच्या दुष्काळात सुरू झालेल्या कामातून झालेला रस्ता. आपल्याकडच्या बहात्तरच्या दुष्काळी कामांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वळणं एकावर एक, उतार मध्यम, डांबर बरं, आणि माथ्यावर दोन काउंटींची सीमा. वेळ असेल तर आधी अ‍ॅलिहीसपर्यंत टोक गाठून मगच खिंड घ्या.

केनमेअर ते किलॉर्गलिन या केरीच्या टप्प्यात वॉटरव्हिलनंतर मुख्य रस्ता सोडा आणि स्केलिग रिंगने बॅलिनस्केलिग्स, पोर्टमॅगी असं जा. चढ तीव्र आहेत, पण बस नाहीत. पोर्टमॅगीहून स्केलिग मायकल बेटावर उन्हाळ्यात बोटी जातात. सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या चढून जुन्या ख्रिस्ती साधूंच्या दगडी झोपड्यांपर्यंत पोचता येतं. जागतिक वारसा असलेल्या या बेटावर रोज मोजक्याच माणसांना उतरू देतात, म्हणून आरक्षण महिनोन्‌महिने आधी करावं लागतं आणि समुद्र खवळला तर बोट रद्द होते. पुढचा अख्खा कार्यक्रम त्या बोटीवर टांगून ठेवू नका. शेजारच्या व्हॅलेन्शिया बेटावर पुलाने जा आणि नाइट्सटाउनहून छोट्या फेरीने बाहेर पडा. अटलांटिकपार पहिली तार 1858 साली याच बेटावरून गेली.

डिंगलला स्ली हेडची फेरी घड्याळाच्या दिशेनेच करायची, मग कॉनर पासने पलीकडे उतरायचं. खिंडीत एका जागी रस्ता कड्याला खेटून एकेरी होतो. धुकं उतरलं असेल तर ही खिंड सोडून सरळ मुख्य रस्त्याने ट्रली गाठा. हा भाग आयरिश भाषिक आहे, पाट्या आयरिशमध्येच असतात, त्यामुळे फोनमध्ये गावांची दोन्ही नावं टिपून ठेवा.

टारबर्टहून किलिमरला शॅनन नदीच्या मुखावरून फेरी जाते. वीस मिनिटांत लिमरिकचा शंभरावर किलोमीटरचा वळसा वाचतो. पलीकडे उतरल्यावर सगळे मोहरच्या कड्यांकडे धावतात. तुम्ही आधी डावीकडे लूप हेडला जा: तसेच उभे कडे, दीपगृह, आणि माणसं विरळ. मोहरचे कडे 214 मीटरपर्यंत उंच आहेत आणि बघायलाच हवेत, पण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पुढे बरेनचा राखाडी चुनखडीचा प्रदेश. ब्लॅक हेडच्या वळणांवर समुद्र इतका जवळ येतो की व्हायझरवर मीठ बसतं.

गॉलवेनंतर कॉनेमारा. क्लिफडनजवळच्या डेरिगिमला नावाच्या दलदलीत 15 जून 1919 रोजी अल्कॉक आणि ब्राऊन यांनी अटलांटिकवरचं पहिलं विनाथांबा विमानोड्डाण संपवलं, म्हणजे विमान चिखलात नाक खुपसून उतरवलं. तिथून स्काय रोडची छोटी फेरी, मग लीनान, आणि लीनानहून लुईसबर्गला जाणारा डूलॉक खोऱ्याचा रस्ता. या सबंध किनाऱ्यावरचा माझा सर्वांत आवडता तुकडा हाच. दोन्ही बाजूंना काळपट डोंगर, खाली तळं, एकही झाड नाही. मार्च 1849 मध्ये उपाशी माणसं मदत मागायला लुईसबर्गहून याच खोऱ्यातून चालत गेली. रिकाम्या हाताने परतताना त्यातली अनेक वाटेतच मेली. रस्त्याकडेच्या साध्या दगडी क्रुसावर त्यांची आठवण आहे आणि त्यावर महात्मा गांधींचं वचन कोरलेलं आहे: दुसऱ्या माणसाच्या अपमानात कुणाला स्वतःचा सन्मान कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. इथे फोनला रेंज नसते. इंजिन बंद करून थोडं थांबा.

अ‍ॅकिल बेटाला पूल आहे, बोट लागत नाही. कीमच्या पुळणीकडे उतरणारा रस्ता एका अंगाने उघडा. वारा असेल तर उतरू नका. उत्तर मेयोत ब्लॅकसॉडचं दीपगृह चुकवू नका. जून 1944 मध्ये इथून गेलेल्या हवामानाच्या नोंदींमुळे दोस्त राष्ट्रांनी नॉर्मंडीची चढाई 5 तारखेवरून 6 वर नेली, आणि त्या नोंदी घेणारी मॉरीन स्वीनी तेव्हा टपालात काम करणारी तरुण मुलगी होती. डाउनपॅट्रिक हेडला समुद्रात एकटा उभा राहिलेला सुळका आहे. कड्याला कठडा नाही, वाऱ्यात काठापासून लांब राहा. स्लायगोत बेनबल्बिनचा सपाट माथा दिवसभर सोबत करतो.

डोनेगलला घाई अजिबात करू नका, तीन दिवस द्या. स्लीव्ह लीगचे कडे सुमारे 600 मीटर, मोहरच्या जवळजवळ तिप्पट. हंगामात बाईक खालच्या वाहनतळावर ठेवून वर चालत किंवा तिथल्या बसने जावं लागतं. बूट बाईकचेच असतील तर बस घ्या. ग्लेनकोलमकिलहून ग्लेनगेश खिंडीतून अर्डाराला उतरताना सलग आवळलेली वळणं लागतात, इंजिन ब्रेकवर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. मग हॉर्न हेड, फॅनडचं दीपगृह आणि शेवटी इनिशोअन. मॅमोर गॅप ही खिंड फार तीव्र चढाची आहे. मागे माणूस आणि भरलेले पॅनियर (बाजूच्या पेट्या) असतील तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता.

मुक्काम, जेवण, फोन

घरगुती बी अँड बी, म्हणजे खोली आणि न्याहारी देणारी घरं, सर्वांत चांगली. आरक्षण करताना बाईक कुठे लावायची आणि ओले कपडे वाळवायला जागा आहे का, हे दोन प्रश्न विचारा. घरांना नंबर नसतात, पण प्रत्येक पत्त्याला सात अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र एअरकोड असतो. तो नकाशात टाकला की थेट दारात पोचता. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा.

शाकाहारी असाल तर न्याहारीबद्दल आदल्या रात्रीच सांगा. तिथल्या भरगच्च न्याहारीत डुकराचं मांस असतं आणि काळ्या पुडिंगमध्ये रक्त. दुपारी सूप आणि तपकिरी सोडा ब्रेड जवळपास सगळीकडे मिळतं, पण सूप कोंबडीच्या अर्कात केलंय का हे विचारायला लाजू नका, लोक नीट उत्तर देतात. पबचं स्वयंपाकघर रात्री नऊच्या आसपास बंद होतं. बाहेर उजेड असतो म्हणून वेळेचं भान राहत नाही, आणि मग रात्र बिस्किटांवर काढावी लागते. म्हणून आधी जेवा, सूर्यास्त नंतर बघा. पॅनियरमध्ये चिवडा-लाडवांचा डबा असेल तर फारच उत्तम.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं बाईकला द्या. साध्या पाण्याने मीठ धुवा, प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका. चेन कोमट असतानाच वंगण लावा. टायरमधली हवा मात्र सकाळी, टायर गार असताना तपासा.

परत फिरताना

मॅलिन हेडवरून डब्लिनचा जवळचा रस्ता डेरी-ओमामार्गे, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून जातो. फोन डोळे झाकून तोच दाखवेल. तिकडची परवानगी असेल तर भाड्याच्या कागदांत उत्तर आयर्लंडचा विमा आहे का बघा, आणि तिथल्या पाट्यांवरचे आकडे किलोमीटर नसून मैल आहेत हे ध्यानात ठेवा. परवानगी नसेल तर लेटरकेनी, डोनेगल टाउन, बंडोरन, स्लायगो आणि तिथून एन 4 ने डब्लिन असा रस्ता धरा. तो लांब आहे, पण सगळा प्रजासत्ताकातच राहतो. फोनमध्ये ही गावं एकेक करून थांबे म्हणून टाका, नाहीतर तो पुन्हा पुन्हा सीमेकडे वळवत राहील. डब्लिनजवळ एम 50 वर मोटारसायकलला टोल नाही. हा परतीचा दिवस वेगळा धरा, त्याच संध्याकाळचं विमान पकडायचा बेत आखू नका, आणि बाईक परत करण्याआधी ती धुऊन चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.